अर्धा दिरहम

गुद्रुन कोफोएदच्या रानातला जव निघाला
की गव्हाच्या पेरणीआधी मला अकरा दिवस मिळतात.
अकरा दिवस, आणि तिच्या दोन अटी :
खड्डा बुजवायचा,
बांधावरच्या टिटव्यांना हुसकायचं नाही.

बोर्नहोमच्या धुराड्यात चाळीस वर्षं मी हेरिंग मासे टांगले.
डावा कान भट्टीच्या पंख्यानं नेला.
उरलेल्या उजव्यानं आता जमीन ऐकतो.
लोखंड घोगरं बोलतं, झोपेतून उठवल्यासारखं.
बियरच्या डब्याचा पत्रा उगीच नाचरा.
शिसं तोंडातल्या तोंडात.
चांदी मात्र बारीक, सरळ,
ताटाच्या कडेवर कुणी नख मारावं तशी.

सोमवार : झाकणं चार, नांगराचा बोल्ट,
काडतुसाचं बूड, कथलाच्या शिपायाचा एक पाय.
मंगळवार पावसाचा.
बुधवारी ओढ्याकडच्या उतारावर
ताटावर नख वाजलं.

वीतभर खाली, ढेकळाच्या पोटात,
पातळ, काळपटलेलं, मधोमध छिन्नीनं कापलेलं.
इथं तेव्हा पैसे मोजत नसत, तोलत.
मीठ असो, गाय असो, दोरानं बांधलेला माणूस असो,
पारडं वर राहिलं की नाण्यावर घाव.
त्यावर कुणा राजाचं नाव आहे की देवाचं,
छिन्नीला काय त्याचं?

लुजैन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला.
नऊ वर्षं शेजारी राहते, होम्सची.
पिठाचे हात पुसून तिनं पिशवी दिव्याखाली धरली.
"आमचीच लिपी, पण ठिपके नाहीत.
ठिपक्यांशिवाय नुसता एक दात उरतो,
ब म्हणा, त म्हणा, न म्हणा."
मग नाण्याच्या कडेनं बोट फिरवत,
शाळेतल्या मुलीसारखी अडखळत,
"देवाच्या नावानं... पाडला गेला... हा दिरहम..."
आणि काप आला तिथं बोट हवेत.

"कुठं पाडला?"
"'मध्ये' आहे. गाव नाही."
"आणि साल?"
"तेही तिकडच्या तुकड्यावर."

संग्रहालयाचा अर्ज टेबलावर होता.
सापडल्याची जागा : दशांश चिन्हापुढे सहा आकडे.
पाडल्याची जागा : चौकोन.
ती चौकोनाकडे बघून हसली.
"माझ्या अर्जावर उलटं होतं," म्हणाली,
"वरचा चौकोन कोरा, खालचा भरलेला."
मी पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

नाणं माझं नाही, कायद्यानं राज्याचं.
गुरुवारी देऊन आलो, पावती घेतली.
शुक्रवारी त्याच उतारावर पुन्हा, वेड्यासारखा,
दुसऱ्या अर्ध्यासाठी.
ते कुणाच्या पारड्यातून कुठं गेलं असेल, कळत होतं मला.
तरी चार तास.

शनिवारी लुजैन आली, गुद्रुनचे रबरी बूट घालून,
दोन मापं मोठे.
म्हणाली, चांदी कशी वाजते ते ऐकव.
रानात चांदी कुठली आणायची?
बायकोचा साखरेचा चमचा खिशात होता, का ते विचारू नका.
मातीवर ठेवला, वरून यंत्र फिरवलं,
हेडफोन तिच्या कानांवर.
ती एकदम थांबली.
"हे माझं नाव आहे."
"काय?"
"लुजैन म्हणजे चांदी. नऊ वर्षांत विचारलं नाहीस."

काय बोलणार.
पुढं तिचं तीच चालत गेली,
एका घोगऱ्या आवाजाशी थबकली.
म्हटलं, सोड, लोखंड आहे.
तिनं खणलंच.
घोड्याच्या नालेचा खिळा, वाकडा, गंजून जाड झालेला.
तिनं तो धुतला नाही, तसाच खिशात टाकला.
मग गुडघ्यावर बसून, हातानं,
माती जशी निघाली तशी परत लोटली,
वरून बुटानं दाबली.
टिटवी हलली नाही.